धुराचा हिशेब

वर्ध्यापासून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. १९३६ साली गांधीजी वर्ध्याची मगनवाडी सोडून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. मगनवाडीत ग्रामोद्योगांचा गाडा हाकत मागे राहिले जे. सी. कुमारप्पा. आज त्या रस्त्याने मोटार घेऊन जाणाऱ्याला पेट्रोलची चिंता असते. त्याने या माणसाची आठवण जरूर ठेवावी.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. लंडनला चार्टर्ड अकाउंटंट होऊन त्यांनी मुंबईत हिशेब-तपासणीचा व्यवसाय थाटला, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि हा सुटाबुटातला हिशेबनीस खादीत आला. हिशेबाची शिस्त मात्र सुटली नाही. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधी त्यांच्या हाती होता. गांधीजी आणि त्यांची मंडळी तेथे आली, तेव्हा त्यांच्या जेवणखाणाचा खर्च निधीतून करण्यास कुमारप्पांनी साफ नकार दिला. त्याच वर्षअखेर अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचा कारभार याच माणसाकडे आला.

मगनवाडीत हीच नजर दिव्याकडे आणि चुलीकडे वळली. रॉकेल बाहेरून येई, पैसा गावाबाहेर जाई. तेलबिया मात्र शेतातच पिकत. म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ तेथे तयार झाला. हे तेल रॉकेलपेक्षा दाट, त्यामुळे वातीतून सावकाश चढते; हवा नीट मिळाली नाही की काजळी धरते. पुढे धूर कमी करणारी ‘मगन चूल’ही आली. लाकूड तर वाचायला हवेच होते, पण चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बायकांचा प्रश्नही तितकाच मोठा होता.

काळा धूर म्हणजे न जळताच वाया गेलेले इंधन. मोटारीतही वेगळे काही नसते. पूर्वी मेकॅनिक प्लग काढून काजळी पाहायचा. आता एक्झॉस्टच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. बाहेर जाणाऱ्या वायूत प्राणवायू किती उरला, हे तो संगणकाला कळवतो आणि त्यावरून पेट्रोलचे प्रमाण ठरते. सेन्सर जुना होऊन चुकीची खबर देऊ लागला, की इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळते. अ‍ॅव्हरेज पडते, नळीचे तोंड काळवंडते, पेट्रोलचा वास येतो, इंजिनाचा दिवा लागतो. मात्र लगेच नवा सेन्सर विकत घेऊ नये. आधी टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि एक्झॉस्टची गळती तपासावी, मग स्कॅनर लावून सेन्सरचे आकडे पाहावेत. हिशेबनीसही आधी नोंदी पडताळतो, दोष कोणाचा ते नंतर ठरवतो.

कुमारप्पांचा हिशेब मात्र गाडीपाशी थांबत नव्हता. तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन भाग केले: एक कोळसा आणि खनिज तेलासारखा, वापरला की संपणारा साठा, दुसरा पुन्हा पुन्हा भरून येणारा प्रवाह. साठ्यावर जगणाऱ्यांत त्या साठ्यासाठी भांडणे आणि युद्धे होणारच, असे त्यांनी बजावले होते. सेन्सर बदलला की अ‍ॅव्हरेज सुधारते, पण साठा भरून येत नाही.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, कुमारप्पा गेले. गाडी दुरुस्त करून आणल्यावर तिचे अ‍ॅव्हरेज आपण वहीत लिहितो. त्याच पानावर, या आठवड्यात कोणती फेरी टाळता आली असती, हेही लिहून पाहावे. कुमारप्पांनी ती वही आवर्जून तपासली असती.