मगनवाडीचे कुमारप्पा : पुनरुत्थानाची श्रद्धा आणि रोजची भाकर

पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना दिलेल्या दर्शनांपैकी काही जेवणाच्या वेळची आहेत. अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनी त्याला भाकर मोडताना ओळखले. तिबिर्याच्या सरोवराकाठी त्याने निखाऱ्यांवर मासळी ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलावले. पुनरुत्थानकाळात मिस्सेत ही वाचने आली की आम्हाला वर्ध्याच्या मगनवाडीची आठवण होते. तेथे एका ख्रिस्ती माणसाने गरिबाच्या ताटातील तांदूळ, तेल आणि गूळ यांच्या चिंतेत उमेदीची वर्षे वेचली. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्यांचे नाव. ते कॅथोलिक नव्हते, हे आरंभीच नमूद करतो.

त्यांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावर येथे एका श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांनी तोच व्यवसाय केला आणि पुढे अमेरिकेत अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. तेथे हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे शोधताना ते अंतर्मुख झाले. 1929 साली साबरमतीला गांधीजींच्या भेटीस ते आले, तेव्हा अंगावर पाश्चात्त्य पोशाख होता. लवकरच तो जाऊन खादी आली. कॉर्नेलियस या आडनावाऐवजी त्यांनी घराण्याचे जुने कुमारप्पा हे नाव धारण केले. आपण ख्रिस्ती असल्याने परके ठरतो, हे त्यांना मान्य नव्हते. प्रभूला सोडण्याचा तर प्रश्नच नव्हता.

डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस म्हणून वर्ध्यात आले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, काम सुरू झाले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हातकागद, मधमाशापालन हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. गिरणीत पांढरा शुभ्र झालेला तांदूळ सत्त्व गमावतो आणि सडणाऱ्या बाईची मजुरीही जाते, असा दुहेरी हिशेब ते मांडीत. हिशेबतपासनिसाची सवय सुटली नव्हती. फक्त खातेवहीत आता गरीब माणूस आला होता. त्यांचे बंधू भारतन हेही याच कार्यात वर्ध्याला आले. स्वतः जोसेफ अविवाहित राहिले.

ख्रिस्ती वर्तुळात त्यांना विरोध झाला. कायदेभंगाच्या काळात कलकत्त्याचे अँग्लिकन महागुरू फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार गाजला. अहिंसेने अन्यायाचा प्रतिकार करणे प्रभूच्या शिकवणीशी सुसंगत आहे, ही कुमारप्पांची भूमिका होती. धर्माधिकाऱ्यांसमोर असे बोलणे सोपे नसते, हे आम्ही धर्मगुरू जाणतो.

1942 च्या आंदोलनानंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली : एक येशूच्या आचरणावर व उपदेशावर, दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींनी 1945 साली प्रस्तावना लिहिल्या आणि कौतुकाने त्यांना ईशज्ञानाची व ग्रामोद्योगाची अशा दोन पदव्या बहाल केल्या. एकाच कोठडीतून ही दोन पुस्तके बाहेर यावीत, हे आम्हाला फार बोलके वाटते. आपण प्रार्थना रविवारी करतो आणि बाजार सोमवारी. कुमारप्पांना ती फाळणी ठाऊक नव्हती.

त्यांचा भर सिद्धांतापेक्षा आचरणावर आहे, हे खरे. ख्रिस्त उठला नसेल तर श्रद्धा व्यर्थ, हे संत पौलाचे म्हणणे आम्ही सोडू शकत नाही. पण विश्वासांगीकारात आपण शरीराच्या पुनरुत्थानावरही श्रद्धा प्रकट करतो. ज्या शरीराला देव उठवणार, ते आज उपाशी असले तरी चालेल, असे ख्रिस्ती घराला म्हणता येत नाही. सणाचे कपडे घेताना आपल्याच जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बाईला काय मजुरी मिळाली, हा प्रश्न आपल्या किती घरांत विचारला जातो?

पुढे काही काळ त्यांनी वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे शेतीचे प्रयोग केले. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळील कल्लुपट्टी येथे राहिले. तेथे त्यांच्या झोपडीत एका गरीब शेतकऱ्याचे चित्र होते; गांधीजी आपले गुरू आणि हा शेतकरी त्या गुरूंचाही गुरू, असे ते पाहुण्यांना सांगत. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे देहावसान झाले.