कै. गोष्ठ पाल : एका फुलबॅकचें चरित्र

परळ, लालबाग किंवा गिरगांव येथील एखाद्या शाळेच्या पटांगणांत मुलें फुटबॉल खेळावयास जमलीं म्हणजे पहिला तंटा बहुधा जागेवरून होतो. प्रत्येकास फॉरवर्ड व्हावयाचें असतें. बॅकची जागा मागें राहिलेल्याच्या वांट्यास येते. गोल करणाराचें नांव दुसरे दिवशीं शाळाभर होतें. गोल होऊं न देणाराचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. म्हणून हीच जागा सांभाळून ज्यांनीं थोर कीर्ति मिळविली, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

गोष्ठ पाल यांचा जन्म पूर्व बंगालमधील फरीदपूर जिल्ह्यांत भोजेश्वर या गांवीं २० ऑगस्ट १८९६ रोजीं झाला. हा प्रदेश आज बांगला देशांत मोडतो. बाळपणींच ते कलकत्त्यास आले. १९११ सालीं मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, त्या वेळीं गोष्ठबाबू पंधरा वर्षांचेहि नव्हते. विजयी संघांतील दहा गडी अनवाणी खेळले; बूट घालणारे एकटे सुधीर चतर्जी हे ख्रिस्ती गृहस्थ होते, व तेहि बॅकच होते. पुढें थोड्याच वर्षांत याच बचावफळींत गोष्ठबाबूंस स्थान मिळालें आणि १९३५ पर्यंत त्यांनीं तें राखलें.

त्या काळीं पांच फॉरवर्डांच्या चढाईस तोंड देण्यास दोनच बॅक असत. समोर बूट घातलेले धिप्पाड गोरे शिपाई आणि आपले पाय उघडे! अशा स्थितींत ते डगमगले नाहींत. म्हणून एका इंग्रजी वृत्तपत्रानें त्यांस चीनच्या भिंतीची उपमा दिली, ती कायमची त्यांच्या नांवास चिकटली.

१९२१ सालीं ते मोहन बागानचे कप्तान झाले. १९२३ मध्यें त्यांचा संघ रोव्हर्स चषकासाठीं आपल्या मुंबईंत आला व त्यानें अंतिम सामना गांठला. तेथवर पोंचलेला हा पहिलाच हिंदी संघ होता. परंतु डरहम लाइट इन्फन्ट्रीनें त्यास ४-१ असें हरविलें. चार गोल झाले कीं दोष प्रथम बॅककडे येतो. त्यानें परतविलेल्या चढायांची मात्र कोणी मोजदाद ठेवीत नाहीं. गोष्ठबाबूंनीं आपली जागा सोडली नाहीं. १९२५ सालीं ड्युरँड स्पर्धेचें आमंत्रण मोहन बागानला मिळालें, तेव्हांहि कप्तान तेच होते. मुंबईचा तो चषक हिंदी संघाच्या हातीं प्रथम आला तो १९३७ सालीं. बंगलोर मुस्लिम संघानें तो जिंकला. ज्या वाटेनें हें यश आलें, त्या वाटेवरचें एक कठीण पाऊल १९२३ चें होतें, असें आम्हांस वाटतें.

१९२५ मध्येंच खेळाचा एक नियम बदलला. तोंवर ऑफसाइड टाळण्यास पुढील गड्यासमोर प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत. आतां दोन पुरेसे झाले. फॉरवर्डांस मोकळीक मिळाली. तेव्हां आर्सेनल संघाच्या चॅपमन यांनीं मधला हाफबॅक मागें ओढून दोन बॅकांचे तीन केले. पुढें चारहि झाले. आज चेंडू नुसता दूर भिरकावून बॅकचें काम संपत नाहीं. चढाईचा आरंभहि त्यालाच करावा लागतो. त्याची किंमतहि वाढली. २०१९ सालीं हॅरी मॅग्वायर या बॅकसाठीं मँचेस्टर युनायटेड संघानें सुमारें ८ कोटी पौंड मोजले.

गोष्ठबाबूंस असें द्रव्य मिळालें नाहीं, पण मान मिळाला. १९३३ सालीं ते सिलोनला गेलेल्या हिंदी संघाचे कप्तान होते. १९६२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. हा मान मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटु. १९७६ सालीं ते निवर्तले. कलकत्त्याच्या मैदानावर त्यांचा पुतळा उभा आहे, व १९९८ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट निघालें.

विद्यार्थिमित्रहो, घरांत, शाळेंत व समाजांत अशा मागच्या जागा पुष्कळ असतात, आणि त्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्यांचें कांहीं चालत नाहीं. पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा खेळून घरीं आला म्हणजे त्यानें किती गोल केले एवढेंच विचारूं नये. किती अडविले, हेंहि विचारावें.