झोरा नील हर्स्टन : माणसांची बोली जशीच्या तशी

फ्लोरिडातील फोर्ट पियर्स येथे २८ जानेवारी १९६० रोजी झोरा नील हर्स्टन वारल्या. अंत्यविधीसाठी वर्गणी काढावी लागली. कबरीवर नावाचा दगडही बसला नाही. घरातले कागद जाळायला काढले होते. ओळखीच्या एका पोलिसाने आग विझवली म्हणून काही हस्तलिखिते तरी वाचली. त्यांचे संग्रहित लेखन वाचताना ती आग आमच्या मनातून जात नाही.

जन्म १८९१ चा, अलाबामातला. वाढल्या मात्र इटनव्हिलमध्ये. कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेले आणि स्वतः चालवलेले हे गाव. दुकानाच्या ओट्यावर रंगणाऱ्या गप्पा नि थापा हीच झोरांची पहिली शाळा. पुढे त्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मानववंशशास्त्र शिकल्या. हे कॉलेज बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेले. शिकून त्या संशोधनाला गेल्या, त्या आपल्याच माणसांत.

१९२७ मध्ये त्यांनी कुडजो लुईस यांना गाठले. १८६० मध्ये क्लोटिल्डा जहाजातून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस आता म्हातारा झाला होता. झोरा कधी पीच, कधी कलिंगड घेऊन जात. म्हातारा कधी बोले, कधी परत पाठवी. तो बोलला तसेच त्यांनी लिहिले. प्रकाशकाला शुद्ध भाषा हवी होती. झोरांनी एका शब्दालाही इस्त्री केली नाही, आणि पुस्तक पडून राहिले. ‘बाराकून’ छापले गेले २०१८ मध्ये! प्रमाण मराठीच्या नावाखाली ज्यांच्या घरची बोली वर्गात हसण्यावारी नेली गेली, त्यांना यातली किंमत वेगळी सांगायला नको.

रिचर्ड राइटसारख्या कृष्णवर्णीय लेखकानेही १९३७ मध्ये त्यांच्या कादंबरीवर कठोर टीका केली. शाळांतील वर्णभेद संपवणाऱ्या १९५४ च्या निकालाला झोरांनी विरोध केला. काळ्या मुलांनी गोऱ्यांशेजारी बसण्यात विशेष काय, असा त्यांचा रोख होता. आम्हाला हे पटत नाही. निकालाचा प्रश्न हक्काचा होता, मेहेरबानीचा नव्हता. तरी ते लेख वगळून त्यांना वाचणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते.

१९५० मध्ये नावाजलेली ही लेखिका मायामीत मोलकरणीचे काम करत होती.

१९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर गवतात कबर शोधत गेल्या आणि त्यांनी दगड बसवला. त्यावर जन्मसाल १९०१ आहे. सव्विसाव्या वर्षी फुकट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून झोरांनी वयातून दहा वर्षे कमी केली होती.