विल्यम गिल्बर्ट

होकायंत्राची सुई उत्तरेकडेच कां वळते? सोळाव्या शतकांत युरोपांतील नाविक त्या सुईच्या भरंवशावर महासागर ओलांडीत. पण ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. कोणी म्हणे, उत्तरेस चुंबकाचे डोंगर आहेत. कोणी म्हणे, सुईस ध्रुवतारा ओढतो. लसूण चोळतांच चुंबकाची शक्ति नष्ट होते, असेंही मोठमोठ्या ग्रंथांत लिहिलेलें होतें. ह्या समजुती ज्यानें स्वतः कसोटीस लाविल्या, तो विल्यम गिल्बर्ट पेशानें वैद्य होता.

इ. स. १५४४ च्या सुमारास इंग्लंडांतील कोल्चेस्टर येथें त्याचा जन्म झाला. केंब्रिज येथें विद्याभ्यास करून त्यानें लंडनमध्यें वैद्यकी चालविली, व अखेरीस तो एलिझाबेथ राणीचा राजवैद्य झाला. रोग्यांच्या गराड्यांतून प्रयोगांस सवड कशी काढी, कोण जाणे! त्यानें चुंबकास लसूण चोळून पाहिला. चुंबक लोखंडास ओढीतच राहिला. हिऱ्यावर घासलेलें लोखंड उत्तरेकडे वळतें असें म्हणत, म्हणून त्यानें साक्षीदारांसमक्ष पाऊणशें हिरे तपासले. तीही समजूत खोटी ठरली.

त्याचा खरा पराक्रम निराळाच. चुंबकदगडाचा वाटोळा गोळा घडवून त्यास त्यानें लहानशी पृथ्वीच मानिलें, व त्यावर बारीक सुई फिरविली. गोळ्याच्या मध्यरेषेवर सुई आडवी राही. ध्रुवाकडे नेतां नेतां ती कलत जाई व ध्रुवावर सरळ उभी राही. सुईचें असें कलणें रॉबर्ट नॉर्मन नामक लंडनच्या होकायंत्रकारानें १५८१ सालींच प्रसिद्ध केलें होतें. गिल्बर्टनें त्याचें कारण दाखविलें: सुईस ओढणारी शक्ति आकाशांत नसून खुद्द पृथ्वीच एक प्रचंड चुंबक आहे. १६०० सालीं त्याचा लॅटिन ग्रंथ निघाला. १६०३ सालीं तो वारला.

त्याचें सारेंच खरें ठरलें नाहीं. एका स्थळीं सुईचा उत्तरेपासूनचा फरक कायम राहतो, हें त्याचें मत गेलिब्रँडनें १६३५ सालीं लंडनच्याच वेधांवरून खोडून काढलें. सूर्य चुंबकशक्तीनें ग्रहांस फिरवितो, ही केप्लरनें गिल्बर्टपासून स्फूर्ति घेऊन १६०९ सालीं मांडिलेली कल्पनाही टिकली नाहीं. परंतु सूर्याचा संबंध अगदींच तुटला नाहीं. सूर्यावरील डाग वाढले म्हणजे पृथ्वीवरील सुयांची चळवळही वाढते, हें सेबाइननें १८५२ सालीं दाखविलें. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावर मोठा भडका उडाला, आणि सुमारें अठरा तासांच्या आंत पृथ्वीवर जें चुंबकीय वादळ उठलें, त्याची नोंद आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनेंही करून ठेविली आहे.