पाखरांचा अभ्यासक

मुंबईच्या खेतवाडी भागात मामांच्या घरी वाढणारा दहा वर्षांचा एक मुलगा छऱ्यांची बंदूक घेऊन चिमण्या टिपत हिंडत असे. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर हळद माखल्यासारखा पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी? मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते. परंतु त्यांनाही उत्तर देता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी त्या चिमणीचे नाव सांगितले. इतकेच नव्हे, तर कपाटाचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेल्या नाना जातींच्या चिमण्या दाखविल्या. मुलगा चकित झाला. ज्या पाखरांवर आपण नेम धरतो, त्यांच्यात एवढे वैचित्र्य आहे, याची त्याला कल्पनाच नव्हती. हा मुलगा म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेले पक्षितज्ज्ञ सलीम अली.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. अगदी लहानपणीच ते मातापित्यांच्या छत्रास मुकले व मामा-मामींनी त्यांना वाढविले. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून ते १९१४ साली ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात गेले. परंतु त्यांचे चित्त हिशेबाच्या वह्यांपेक्षा तेथील अरण्यातच अधिक रमे. परत आल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. मात्र पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ते मार्गदर्शक झाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले व तेथे प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. १९३० साली ते मायदेशी परतले तो संग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली!

दुसरा कोणी असता तर हताश झाला असता. सलीम अली पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथील झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीच्या टोकाशी आडोसा करून ते त्यात तासन्‌तास निश्चल बसत व दिसेल ते टिपून ठेवीत. आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो खरे. परंतु घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले म्हणजे मादी येऊन त्याची पारख करते. तिच्या पसंतीस उतरले तर नर ते पूर्ण करतो आणि मादी अंड्यांवर बसली, की दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणावयास घेतो. सुगरणीच्या संसाराचे हे गूढ सलीम अलींनी उकलले. नोकरी गेली नसती तर ते कदाचित तसेच राहिले असते!

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ अशा संस्थानांतून हिंडून त्यांनी तेथील पक्ष्यांची पाहणी केली. सुगरणीची एक मोठ्या आकाराची जात कित्येक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. ती नष्टच झाली असावी, असे वाटू लागले होते. १९३४ साली कुमाऊँच्या तराईत त्यांनी ती शोधून काढली. १९३९ साली तहमिना निवर्तल्या. दुःखाचा हा घाव सोसून त्यांनी काम चालूच ठेवले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे रिप्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला.

राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव नावाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची हजारो पाखरे उतरतात. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय व त्यांच्या पाहुण्यांनी तेथे ४,२७३ पक्षी मारले. योगायोग असा, की त्याच दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण होत होती. स्वातंत्र्यानंतर हे तळे आटवून तेथे शेती करावी, अशी मागणी पुढे आली. अन्नधान्याच्या टंचाईचे ते दिवस होते. तेव्हा मागणी करणारांना दोष देता येणार नाही. परंतु तळे एकदा गेले, की पाखरेही गेली, हे सलीम अली जाणून होते. त्यांनी पंतप्रधान नेहरूंना हे पटवून दिले आणि तळे वाचले. १९५६ साली ते पक्ष्यांसाठी राखीव झाले व पुढे राष्ट्रीय उद्यान बनले.

याच उद्यानाने एक कठोर धडाही दिला. म्हशींच्या चराईने पक्ष्यांना अपाय होतो, असे सलीम अलींसह अनेक जाणकारांचे मत होते. १९८२ साली तेथे चराईबंदी झाली. गावकऱ्यांचा चारा तुटला, संघर्ष झाला व त्यात काही माणसे प्राणास मुकली. पुढे काय घडले? म्हशी नाहीशा झाल्यावर गवत बेसुमार माजले, पाणी झाकले गेले आणि अनेक पक्ष्यांना ते तळे गैरसोयीचे झाले. हा निष्कर्ष काढला तो सलीम अलींनी ज्या संस्थेसाठी आयुष्य वेचले, तिच्याच संशोधकांनी. थोरांचे मतही प्रत्यक्ष निरीक्षणाच्या कसोटीवर घासून पाहावे, ही शिकवण त्या संस्थेने स्वतःच्या बाबतीतही पाळली.

सलीम अलींना १९७६ साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. वन्यजीवरक्षणाबद्दल लाभलेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी संस्थेच्या कार्यास दिली. माळढोकासारख्या दुर्मिळ होत चाललेल्या पक्ष्याकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी ते झटले. १९०० सालानंतर कोणीही न पाहिलेला जेर्डनचा धाविक हा पक्षी १९८६ साली आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्यात संस्थेच्या शोधकांना सापडला, तेव्हा सलीम अली एकोणनव्वद वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, २० जून १९८७ रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

बंदूक हाती घेतलेल्या त्या मुलाने एका मेलेल्या चिमणीचे नाव विचारले होते. अनेकांनी अनेक चिमण्या पाडल्या असतील. पण नाव विचारावेसे वाटले ते एकालाच. एका प्रश्नाचे उत्तर मिळाले, की त्याच्या पोटी दुसरा प्रश्न जन्म घेई आणि त्या प्रश्नांच्या मागे चालता चालता एका शिकाऱ्याचा रक्षक झाला. आपल्या अंगणातल्या झाडावर येणाऱ्या पाखरांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत बरे?