जांबचा नारायण

१९८८ च्या उन्हाळ्यात माझी बदली अंबड तालुक्यातल्या एका लहानशा शाखेत झाली. जालना जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. शाखेत आम्ही चौघे. संध्याकाळी तिजोरीला कुलूप लागले की तिघे आपापल्या घरी जात आणि मी खोलीवर. खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि लायब्ररीतून आणलेली पुस्तके. मला त्याचे काही वाटत नसे, कारण एकटे राहण्याची सवय मला फार आधीपासून होती. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. आईने शिक्षणासाठी मला मामाकडे ठेवले. त्या वयात तिचे कारण कळले नाही, आपल्याला घराबाहेर काढले एवढेच कळले. पुढे नोकरी लागल्यावर मी दर महिन्याला बिनचूक मनीऑर्डर करीत असे. त्या फॉर्मच्या तळाशी चार ओळींच्या मजकुराला जागा असायची. ती मी सहा वर्षे कोरी सोडली होती.

आमच्या शाखेचा शिपाई जांबेच्या बाजूचा. आम्ही सगळे त्याला मामाच म्हणायचो. एका रविवारी, साहेब खोलीत बसून काय करणार, असे म्हणत तो मला जांबेला घेऊन गेला. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून त्याला जांब समर्थ म्हणतात. आज ते घनसावंगी तालुक्यात येते. मी गेलो तो केवळ रविवार घालवायला. शाळेत समर्थ शिकलो होतो ते दंड-बैठका आणि मारुतीची देवळे एवढेच. कुबडी घेतलेला, दाढीवाला, कोणाची गरज नसलेला कठोर पुरुष. त्या देवळाच्या सावलीत मामा त्याच्या भाषेत जे सांगत बसला त्यात मात्र समर्थ जवळजवळ नव्हतेच. होता तो नारायण नावाचा एक पोरगा. त्यानंतर मी समर्थांविषयी जे मिळेल ते वाचत आलो, पण तो पोरगा काही माझ्या मनातून गेला नाही.

शके १५३०, म्हणजे १६०८ सालच्या रामनवमीचा त्याचा जन्म. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई, थोरला भाऊ गंगाधर. नारायण सात वर्षांचा असताना सूर्याजीपंत वारले. त्यानंतरची एक गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. मुलगा दिसेना म्हणून शोधाशोध झाली, तो अडगळीच्या काळोखात बसलेला सापडला आणि आपण विश्वाची काळजी करीत आहोत असे त्याने आईला सांगितले. कीर्तनकार येथे लवकर आलेले थोरपण दाखवतात. मला त्यात नुकताच बाप गेलेला एक मुलगा दिसतो. अशा मुलाला काळोखाचा कोपरा शोधायला विश्वाची काळजी लागत नाही. आणि आईने विचारल्यावर तो खरे कारण सांगतही नाही.

बाराव्या वर्षी लग्न ठरले. जांबेजवळच्या आसनगावला मांडव पडला. अंतरपाट धरलेला असताना, मंगलाष्टकांतला सावधानतेचा इशारा कानी पडताच नवरा मुलगा बोहल्यावरून पळाला. ही गोष्ट आपण नेहमी त्याच्या बाजूने सांगतो. अंतरपाटाच्या पलीकडे हातात माळ घेऊन उभी असलेली मुलगी कोणाच्या ध्यानात राहत नाही. तिचे पुढे दुसरीकडे लग्न लावून दिले, असे सांगतात. तेवढ्यावर तिची गोष्ट संपते. माझ्या कादंबरीकाराच्या मनाला मात्र ती मुलगी आजही तिथेच उभी दिसते. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मुलगा पोचला नाशिकला. पंचवटीजवळ नंदिनी नदी गोदावरीला मिळते तिथे टाकळी आहे. परंपरेच्या हिशेबाने १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तो तिथे राहिला. पहाटेपासून दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जप, मग नाशकात माधुकरी, मग वाचन. मामाने मला गोदावरीकडे हात करून दाखवले आणि ही तीच नदी असल्याची आठवण दिली. टाकळीचे पाणी पैठणवरून खाली उतरते आणि आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा धरून पुढे जाते. म्हणजे मुलगा ज्या पाण्यात उभा होता ते काही दिवसांनी त्याच्या आईच्या मुलखातून वाहत होते. निरोप धाडायला बारा वर्षांत एक यात्रेकरू मिळाला नसता असे नाही. त्याने धाडला नाही. माझ्या कोऱ्या फॉर्मची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

या बारा वर्षांतच त्याच्या आयुष्यात पहिले माणूस आले. ते एक मूल होते. टाकळीजवळच्या दशकपंचक गावच्या कुलकर्ण्यांच्या घरचा हा मुलगा, उद्धव. आईबापांनी त्याला या तरुण बैराग्याच्या ओटीत घातले, असे चरित्रे सांगतात. त्यातला चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. उरते ते असे की, ज्याने स्वतःचे घर सोडले त्याला एक मूल सांभाळावे लागले. आणि १६३२ च्या सुमारास तो यात्रेला निघाला तेव्हा हे लहान मूल टाकळीच्या मारुतीजवळ ठेवून निघाला. आपल्यावर जे गुदरले तेच त्याने त्या पोरावर आणले. थोरांच्या चरित्रात अशी पाने असतात, ती गाळू नयेत. उद्धव पुढे मोठा मठपती झाला आणि गुरूला विसरला नाही, हे त्या पोराचे मोठेपण.

यात्रेला तो निघाला तो काळ फार भयंकर होता. १६३० पासून दोन वर्षे दख्खन आणि गुजरातेत दुष्काळ होता, त्यात मोगलांच्या फौजांची धामधूम. पीटर मुंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या दिवसांत सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेला. वाटेवर पसरलेली प्रेते आणि ओसाड पडलेली गावे त्याने नोंदवून ठेवली आहेत. चोवीस वर्षांचा रामदास याच देशातून पायी चालत गेला आणि पुढची बारा वर्षे चालतच राहिला. लोक देशोधडीला कसे लागले, किती जणांनी विष घेतले, किती जणांनी पाण्यात उड्या टाकल्या, हे त्याने परचक्राच्या वर्णनात लिहून ठेवले. अडगळीतला मुलगा ज्या विश्वाविषयी बोलला होता ते आता त्याच्यासमोर उघडेवाघडे पडले होते.

त्याची करुणाष्टके आपल्याकडे घरोघरी संध्याकाळी म्हटली जातात. लहानपणी मीही ती ठेक्यात म्हणत असे. मोठेपणी शांतपणे वाचली तेव्हा चरकलो. आपले कोणी नाही, मन थाऱ्यावर नाही, दिवस वाया चालले, असे एक माणूस कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो आहे. कठोर पुरुषाचे माझ्या डोक्यातले चित्र तिथे गळून पडले.

चोवीस वर्षांनी, १६४४ च्या आसपास, तो पैठणवरून जांबेला आला. स्वतःच्या दारात त्याने भिक्षेकऱ्यासारखी आरोळी दिली. राणूबाईंची दृष्टी रडून रडून गेली होती, असे सांगतात. भावजय भिक्षा घालायला निघाली आणि आतून म्हातारीने आवाज ओळखला. परंपरा पुढे म्हणते की मुलाने डोळ्यांवरून हात फिरवला आणि आईला दिसू लागले. त्याविषयी मी वाद घालणार नाही. माझे कोडे निराळेच आहे. बाराव्या वर्षी गेलेल्या मुलाचा आवाज छत्तिसाव्या वर्षी तोच राहत नाही, तो फुटतो, पुरुषी होतो. मग तिने ओळखले कसे? माझा तर्क सांगतो. एव्हाना त्याचा आवाज सूर्याजीपंतांसारखा झाला असेल. एकोणतीस वर्षांपूर्वी थांबलेला आवाज त्या बाईने दारातून ऐकला असेल.

तो काही काळ घरी राहिला. भागवतातली कपिलगीता त्याने आईला सांगितली. कपिल मुनींनी आपल्या आईला, देवहूतीला, केलेला हा उपदेश. तिच्या शेवटच्या वेळी येण्याचे वचन देऊन तो निघाला आणि १६५५ मध्ये ती गेली तेव्हा जवळ होता, असे चरित्रकार लिहितात. या मुक्कामानंतर त्याचे चालणे बदलले. आधीची चोवीस वर्षे तो माणसांपासून दूर जात होता. आता कृष्णाकाठी उतरला आणि माणसे जमवू लागला. १६४८ मध्ये चाफळला रामाचे देऊळ उभे राहिले. शिवछत्रपतींची आणि समर्थांची भेट केव्हा झाली यावर इतिहासकारांची लढाई चालू आहे. ती त्यांनी लढावी, मला त्यात पडायचे नाही.

मला सांगायचे आहे ते वेणाबाईचे. मिरजेच्या देशपांड्यांची ही सून बालविधवा. लग्न म्हणजे काय हे कळण्याआधी ते संपले. एकनाथी भागवत वाचीत बसलेली असताना समर्थ भिक्षेला आले आणि तिने त्यांना पुस्तकातल्या शंका विचारल्या. कोणीतरी आपले प्रश्न ऐकून घेते, त्यांना उत्तरे देते, हे तिच्या आयुष्यात नवीन असणार. ती कीर्तनाला जाऊ लागली तशी लोकांची तोंडे सुटली. घरच्यांनीच तिला विष दिले आणि त्यातून ती वाचली, अशी कथा आहे. कथा म्हणूनच मी ती सांगतो, पण सोवळ्यातल्या तरुण मुलीवर माहेरची माणसे काय पाळी आणू शकत हे समजायला ती पुरेशी आहे. समर्थांनी तिला जवळ केले, शिकवले, लोकांसमोर उभे राहून कीर्तन करायला लावले आणि मिरजेचा मठ तिच्या हाती दिला. सतराव्या शतकात, एका विधवेच्या हाती.

या वेणाबाईने लिहिलेला सर्वांत मोठा ग्रंथ कोणता, तर सीतास्वयंवर. मांडव, वऱ्हाड, पंगती, रुखवत, सगळे हौसेने रंगवलेले लग्न. जिचे लग्न मोडून पडले तिने ते लिहिले, आणि जो लग्नातून पळाला त्याच्या छायेत बसून लिहिले. अंतरपाटापलीकडची ती मुलगी मला इथे पुन्हा भेटते. समर्थांना ती कधी आठवली का, याला कागदोपत्री आधार नाही आणि मीही तो उभा करणार नाही. एवढेच म्हणतो की वेणा, कऱ्हाडची अक्का अशा दारे मिटलेल्या मुलींना या माणसाने दार उघडून दिले. ही अक्काही बालविधवा. समर्थांनंतर सज्जनगडाचा आणि चाफळचा कारभार तिने चाळीसएक वर्षे वाहिला. १७०० मध्ये मोगलांनी गड घेतला तेव्हा देवाच्या मूर्ती तिने वासोट्याला हलवल्या, असे सांगतात. वेणाबाई १६७८ मध्ये सज्जनगडावर गेली. तिची समाधी तिथेच आहे.

दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. बँकेत जन्म गेल्यामुळे असेल, पण मला त्यातला अक्षर कसे काढावे, कागद आणि शाई कशी जपावी हे सांगणारा समास फार आवडतो. कारकुनांना तो नेमणुकीच्या पहिल्याच दिवशी वाचायला द्यावा. असो. तिसऱ्या दशकात मात्र समर्थांनी संसारी माणसाचे आख्खे आयुष्य सांगितले आहे. बाळाचे आईशिवाय न चालणे, मग बायको येणे, मुले होणे आणि मरणे, दुष्काळात घर मोडणे, म्हातारपणी कोणी न विचारणे. ज्याने कधी संसार केला नाही त्याला हे कोठून कळले? वसुलीसाठी मी हजार उंबरठ्यांवर बसलो आहे, म्हणून सांगतो. ओसरीवर माणूस जे बोलतो ते कुठल्या अर्जात लिहीत नाही. समर्थ तर आयुष्यभर उंबरठ्यांवरच उभे होते.

हा ग्रंथ शिवथरच्या घळीत कल्याणाने लिहून घेतला. कोल्हापूरला भेटलेला हा अंबाजी नावाचा मुलगा. गडाखालच्या उरमोडीचे पाणी तो हंड्यांनी वर वाहत असे. ते मोठे हंडे आजही सज्जनगडावर दाखवतात. समर्थ माघ वद्य नवमीला, १६८२ च्या जानेवारीत, गडावर गेले, तेव्हा भोवती शिष्यांचा मेळा होता. कल्याण मात्र दूर परांड्याजवळ डोमगावच्या मठात होता. समर्थांच्या अस्थी चाफळला तशाच ठेवल्या होत्या, असे परंपरा सांगते. १७१४ मध्ये त्या गंगेला न्यायला निघाल्या, तेव्हाच कल्याणाचा अंत झाला. मग दोघांच्या अस्थी एकत्र करून पुढे नेल्या.

हे सारे मला त्या रविवारी ठाऊक नव्हते. मामाने सांगितले ते म्हातारीने आवाज ओळखला तिथपर्यंत. मग तो मला त्याच्या घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने पिठले आणि ज्वारीची भाकरी वाढली, आणि साहेबांना घरी कोण कोण आहे, असे मामाकडे बघत विचारले. आई आहे, एवढेच मी म्हणालो. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. आणखी एक भाकरी ताटात टाकली.

महिन्याची मनीऑर्डर मंगळवारी करायची होती. पोस्टात काउंटरशी उभा राहून फॉर्म भरला. तळाच्या कोऱ्या जागेपाशी पेन बराच वेळ थांबले, मागचा माणूस खाकरला. शनिवारी रात्रीच्या गाडीने येतो, जेवायला थांब, एवढे लिहिले आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.