ना डिग्री, ना कुठलं कॉलेज. तरी मुघल शहजाद्याचा डॉक्टर झालेला इटलीचा मनुची

कोरोनात पोराटोरांच्या तोंडी बसलेला ‘क्वारंटाइन’ हा शब्द मूळचा इटलीतल्या व्हेनिसचा. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ चाळीस दिवस. रोगाच्या भीतीने बाहेरची जहाजं तेवढे दिवस वेगळी थांबवून ठेवायचे. प्लेगच्या रोग्यांसाठी व्हेनिसने १४२३ साली एका बेटावर कायमचं हॉस्पिटलही उभारलं होतं. तरीही १६३०-३१ च्या साथीत शहरातली जवळपास एक तृतीयांश माणसं गेली.

ही साथ सरून सात वर्षं झाली आणि १६३८ मध्ये त्याच शहरात निकोलाओ मनुची जन्मला. शिवाजी महाराज किंवा औरंगजेबावरचं पुस्तक उघडलं की हे नाव बऱ्याचदा भेटतं. पण हा माणूस नेमका होता कोण?

तर झालं असं की, १४ वर्षांचा मनुची घरातून पळाला आणि जहाजात लपून बसला. जहाजावर बेलोमाँट नावाच्या इंग्रज सरदाराने त्याला नोकर म्हणून ठेवून घेतलं. तुर्कस्तान, इराण करत दोघं १६५६ मध्ये सुरतेला उतरले. दिल्लीला जाताना वाटेतच मालक वारला. परक्या मुलखात एकटा पडलेला हा पोरगा दारा शुकोहच्या तोफखान्यात महिना ८० रुपयांवर लागला. पुढे दारा हरला, मारला गेला. मनुचीने औरंगजेबाची नोकरी मात्र धरली नाही.

१६६५ मध्ये तो मिर्झाराजे जयसिंगांच्या तोफखान्यावर होता. पुरंदरचा तह झाला तेव्हा तो छावणीतच होता. तिथे महाराजांशी आपली भेट झाली आणि युरोपातल्या राजांविषयी बोलणंही झालं, असं त्याने लिहून ठेवलंय.

लढाया संपल्या, पण पोटाचं काय? मनुचीने लाहोरात थेट डॉक्टरकी सुरू केली. शिक्षण शून्य. फिरंगी म्हणजे वैद्यकी येणारच, असा तेव्हा लोकांचा समज होता आणि त्यावर त्याचं दुकान चाललं. बघत, करत तो शिकला. पुढे औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याच्या पदरी वैद्य झाला आणि त्याच्यासोबत आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादलाही राहिला.

आज हे वाचून धक्का बसतो. पण तेव्हा शिकलेल्या डॉक्टरांकडे तरी काय होतं? कॉलरासारख्या आजाराला आपल्याकडे ‘मोडशी’ म्हणत. शरीर मोडून टाकते ती मोडशी. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्याचं ‘मोर्देशी’ केलं. फ्रेंचांनी तर त्याचा ‘कुत्र्याचा मृत्यू’ अशा अर्थाचा शब्द बनवला. आणि उपाय काय? टाचेला तापलेल्या लोखंडाचा डाग! म्हणजे साथीच्या जगाला व्हेनिसने क्वारंटाइन दिला, तसा आपल्या भाषेनेही एक शब्द दिला. औषध कुणाकडेच नव्हतं.

मनुची १६८३ मध्ये गोव्यात होता. संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, तेव्हा पोर्तुगीज विजरईने त्याला वाटाघाटीसाठी त्यांच्याकडे पाठवलं. शेवटी १६८६ मध्ये तो मद्रासला पोहोचला आणि तिथे एका विधवेशी लग्न करून स्थिरावला. व्हेनिसला तो परत गेलाच नाही.

गेलं ते त्याचं हस्तलिखित. ‘स्तोरिया दो मोगोर’ हा त्याचा ग्रंथ इटालियन, पोर्तुगीज आणि फ्रेंच अशा तीन भाषांत लिहिला गेलाय, कारण लेखनिक बदलत गेले. कात्रू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने त्यातला मजकूर घेऊन १७०५ मध्ये आपल्या पद्धतीने छापला. चिडलेल्या मनुचीने मग आपलं लिखाण व्हेनिसच्या सरकारकडे पाठवून दिलं. विल्यम आयर्विनने केलेलं इंग्रजी भाषांतर यायला १९०७ उजाडलं.

आता प्रश्न असा, की मनुचीवर विश्वास किती ठेवायचा? त्याने डोळ्यांनी पाहिलेलं फार मोलाचं आहे. पण बाजारात, छावणीत ऐकलेल्या गप्पाही त्याने त्यातच मिसळल्यात. त्यामुळे मनुचीच्या नावाने एखादी सनसनाटी पोस्ट आली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा : हे त्याने पाहिलं होतं, की नुसतं ऐकलं होतं?